रत्नागिरीत मुक्काम: मारुती मंदिर की राम आळी?

रत्नागिरी पायी पाहायची असेल, तर मुक्काम मारुती मंदिर परिसरात करावा की राम आळीच्या बाजारात, हा प्रश्न खोलीच्या भाड्याइतकाच महत्त्वाचा आहे. मारुती मंदिराकडे गाडी लावणे आणि गावाबाहेरच्या रेल्वे स्थानकावर जाणे सोपे पडते. मात्र जुने शहर उताराला असल्याने परतताना चढ लागतो, आणि वैशाखातल्या दमट उन्हात तो वृद्धांना फार जाचतो. राम आळीत खोल्या लहान असतात, पहाटेपासून बाजाराची वर्दळ ऐकू येते. पण टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान आणि 1931 साली खुले झालेले पतितपावन मंदिर चालत गाठता येते, मांडवीच्या समुद्रकिनाऱ्यावर सूर्यास्तापर्यंत निवांत थांबता येते. आईवडील सोबत असतील तर मी राम आळीच निवडेन.