होमस्कूलिंग : घरातली पद्धत आणि दहावीची वाट

मुलाला घरीच शिकवायचे ठरले की अनस्कूलिंग, माँटेसरी, शार्लट मेसन, एनआयओएस, सतरा नंबरचा फॉर्म असे शब्द पालकांच्या कानांवर एकदमच पडू लागतात आणि ते सगळे एकाच प्रश्नाचे पर्याय असावेत, असा समज होतो. प्रत्यक्षात यांतले पहिले तीन शब्द घरात रोज शिकायचे कसे याविषयीचे आहेत, तर उरलेले दोन दहावीचे प्रमाणपत्र कुठून मिळवायचे याविषयीचे. डीस्कूलिंग ही तर पद्धतच नव्हे. शाळेतून काढलेल्या मुलाला तासिका, गृहपाठ आणि गुण यांची सवय सुटेपर्यंत दिलेली ती उसंत असते, आणि माझ्या मते तिची गरज मुलापेक्षा पालकांना अधिक असते.

माँटेसरी पद्धतीत मूल हाताने वापरायच्या, क्रमाने मांडलेल्या साधनांतून शिकते. मूळ साधनसंच महाग असतो आणि त्याला जागाही लागते; मात्र बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डी आणि कोसबाडच्या बालवाड्यांत परिसरातल्याच वस्तूंतून साधने उभी केली होती, त्यामुळे केवळ खर्चापायी ही पद्धत बाजूला सारण्याचे कारण नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी मी हिलाच पहिली पसंती देईन.

वाचनाची गोडी असलेल्या घराला ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन यांची पद्धत अधिक मानवते. छोटे पाठ, उत्तम पुस्तकातला उतारा एकदाच लक्षपूर्वक ऐकणे, मग तो मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि जोडीला निसर्गनोंदींची वही, एवढाच तिचा पसारा आहे. तिच्या प्रचलित पुस्तकयाद्या बहुतांशी इंग्रजी असल्याने मराठी घराला आपली यादी स्वतः करावी लागते.

अनस्कूलिंग हा शब्द अमेरिकेत शिक्षक-लेखक जॉन होल्ट यांनी १९७०च्या दशकात रूढ केला. यात ठरलेला अभ्यासक्रम नसतो; मुलाचे कुतूहल जिकडे वळेल तिकडे शिक्षण वळते. ‘काहीच शिकवायचे नाही’ असा त्याचा अर्थ लावणाऱ्यांची फसगत होते, कारण मुलाने विचारलेल्या प्रश्नाला त्याच वेळी पुस्तक, माणूस किंवा जागा मिळवून द्यायची असेल, तर पालकाचा सर्वाधिक वेळ याच पद्धतीत जातो. आई-वडील दोघेही नोकरी करत असतील, तर मेसन यांचे आखीव, छोटे पाठ अधिक झेपतील. पद्धतींची सरमिसळ करणारी घरेही पुष्कळ असतात आणि त्यात काही गैर नाही.

पद्धत दर वर्षी बदलता येते. प्रमाणपत्राच्या वाटेला मात्र वयाच्या आणि कागदपत्रांच्या अटी आहेत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य ठरवले आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकांसाठी त्यात शिक्षेची तरतूद नाही. त्याच कायद्यानुसार मूल या वयात शाळेकडे परतल्यास त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो.

एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, दहावीसाठी चौदा वर्षे पूर्ण असण्याची अट घालते, मराठी माध्यम देते आणि पाच वर्षांत नऊ संधी देत असल्यामुळे विषय एकेक करूनही सोडवता येतात. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खाजगीरीत्या देणाऱ्याला शाळेतल्या मुलांचीच प्रश्नपत्रिका मिळते. पण अर्जाला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलाची तिथे अडचण होते. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षाही खाजगीरीत्या देता येते, मात्र तिचे शुल्क या दोन्हींपेक्षा बरेच जास्त आहे. मुलाला पुढे कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला जायचे असेल, तर एनआयओएसचा शेवटचा विषय ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत न लांबवता एप्रिल-मेच्या परीक्षेतच संपवावा, कारण अकरावीचे प्रवेश उन्हाळ्यातच सुरू होतात.