मितोमा की कुबो: कोणाचा खेळ फॉलो करावा?

युरोपात खेळणाऱ्या एखाद्या जपानी फुटबॉलपटूला नियमित बघायचं ठरवलं, की काओरू मितोमा आणि ताकेफुसा कुबो या दोन नावांपाशी गाडी अडते. दोघंही लहानपणी कावासाकी फ्रोंताले क्लबच्या तालमीत होते, आणि आज जपानमध्ये दोघांचीही जबरदस्त क्रेझ आहे. मात्र ती दोघांना अगदी वेगवेगळ्या रस्त्यांनी मिळाली.

कुबोवर लोकांची नजर तो शाळकरी असल्यापासून आहे. २०११ साली तो बार्सिलोनाच्या अकादमीत गेला आणि ‘जपानी मेसी’ हे बिरूद त्याला चिकटलं. परदेशी अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदणीवरून फिफाने क्लबवर कारवाई केली, म्हणून २०१५ मध्ये त्याला मायदेशी परतावं लागलं. २०१९ मध्ये रेआल माद्रिदने घेतलं, पण ते त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या क्लबांकडे, पाठवत राहिले. अखेर २०२२ मध्ये रेआल सोसिएदाद या स्पॅनिश क्लबमध्ये त्याचा जम बसला. पहिल्याच हंगामात लीगमध्ये ९ गोल, आणि संघ चौथा येऊन चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत.

मितोमाची गोष्ट मला जास्त भावते. फ्रोंतालेने करार देऊ केला असताना तो आधी त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला. तिथे सहकाऱ्यांच्या डोक्याला कॅमेरे लावून त्याने ड्रिब्लिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यावर, प्रबंध लिहिला! व्यावसायिक झाला तो थेट २०२० साली. २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध गोलरेषेबाहेर जाता जाता त्याने चेंडू आत ओढला, सहकारी तनाकाने गोल केला. वरून काढलेल्या फोटोत चेंडूची जेमतेम कड रेषेवर दिसते. ‘मितोमाचा १ मिलिमीटर’ म्हणून तो क्षण जपानभर गाजला.

खेळाचं म्हणाल तर कुबो डावखुरा, उजव्या बगलेतून आत घुसणारा. चिमटीएवढ्या जागेत तो चेंडू राखतो, पण ते कसब पुरतं कळायला पूर्ण सामना बघावा लागतो. मितोमा डाव्या बाजूला बचावपटूसमोर जवळजवळ थांबतो, बचावपटूचा तोल गेला की सुसाट निघतो. नवख्यालाही ते लगेच कळतं.

वेळेचाही विचार करा. मितोमाच्या ब्रायटन या इंग्लिश क्लबचे शनिवारचे बरेच सामने आपल्याकडे संध्याकाळी साडेसात-साडेआठला सुरू होतात. सोसिएदादचे रात्रीचे सामने मध्यरात्रीनंतर असतात. सकाळी ऑफिस असेल तर ते झेपणं कठीण.

त्यामुळे नव्याने बघायला लागणाऱ्याला मी बेधडक मितोमा सुचवेन. दुखापतींमुळे तो अधूनमधून बराच काळ बाहेर बसतो, हे मात्र धरून चाला. ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, आधीपासून बघत असाल, तर कुबोला सोडू नका. आणि तरीही ठरत नसेल, तर जानेवारी २०२३ मधला इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेतला लिव्हरपूलविरुद्धचा सामना काढून मितोमाचा भरपाई वेळेतला गोल बघा: हवेतला चेंडू अलगद उतरवून, एका हुलकावणीत बचावपटूला बाद करून मारलेला.