कॅलरी मोजणारं अ‍ॅप: वाढत्या मुलांच्या फोनवर नको
तारे: ५ पैकी १

मी लांब पल्ल्याच्या धावण्याची प्रशिक्षक आहे. माझ्याकडे सरावाला येणारी मुलं-मुली साधारण बारा ते अठरा वयातली. गेल्या मोसमात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनवर हे एकच अ‍ॅप दिसायला लागलं. सराव संपला की बुटांच्या नाड्या सोडायच्या आधी फोन हातात, आणि कोणी किती कॅलरी जाळल्या यावर बोलणं. म्हणून मी ते स्वतःच्या फोनवर घेतलं आणि नीट वापरून पाहिलं. प्रौढ माणसाला त्याचा काय उपयोग होतो हे मी इथे सांगणार नाही. वाढीच्या वयातल्या मुलाच्या हातात ते काय करतं, तेवढंच मी तपासलं.

खातं उघडताना जन्मवर्ष विचारतात. पंधरा वर्षांच्या मुलीचं वर्ष टाकलं तर नकार येतो. मागे जाऊन वर्ष बदललं की त्याच फोनवर, त्याच क्षणी दार उघडतं. मग उंची, वजन आणि 'ध्येय'. मी एका निरोगी, अजिबात जाड नसलेल्या किशोरवयीन मुलीचे आकडे भरले आणि वजन कमी करायचंय असं सांगितलं. का, असं अ‍ॅपने विचारलं नाही. उंची अजून वाढतेय का, पाळी नियमित येते का, हेही नाही. दिवसाचं लक्ष्य आलं: १,२०० कॅलरी.

या आकड्यावर मी थोडं थांबणार आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना रोज सुमारे १,५७० कॅलरी दिल्या. ते सगळे स्वखुशीने आलेले, धडधाकट पुरुष. काही आठवड्यांतच त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना. घास घोळवत ताटावर तासन्‌तास बसणं, पाककृतींची पुस्तकं वाचत राहणं, चिडचिड, एकटं राहणं, सतत थंडी वाजणं. ही लक्षणं आज मी मैदानावर बघते आणि पालक म्हणतात, 'वयच तसं आहे'. त्या प्रयोगाला उपासमार म्हणत होते. त्याहूनही कमी आकडा हे अ‍ॅप एका वाढत्या मुलीला 'आरोग्यदायी लक्ष्य' म्हणून देतं. बेताची हालचाल असणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची रोजची गरज २,४००-२,५०० कॅलरींच्या आसपास असते. रोज धावणाऱ्या मुलीची त्याहून जास्त.

आता पडदा बघा. मधोमध एक गोल, त्यात 'उरलेल्या' कॅलरी. लक्ष्याच्या आत राहिलात तर हिरवा, ओलांडलंत की लाल. सलग किती दिवस नोंद केली याचा आकडा वर झळकतो आणि एक दिवस चुकला की शून्यावर येतो. दिवसाची नोंद बंद केली की वाक्य येतं: रोज असंच खाल्लंत तर पाच आठवड्यांनी तुमचं वजन इतकं असेल. मी मुद्दाम एक दिवस फक्त नाश्त्याची नोंद केली. गोल हिरवाच राहिला. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हिरवं मिळवायला आवडतं, आणि त्या आवडीचा इथे त्यांच्याच शरीराविरुद्ध वापर होतो.

सगळ्यात जास्त राग मला हृदयाच्या ठोक्यांच्या पानाचा आला. मनगटावरचं घड्याळ जोडलं की विश्रांतीच्या ठोक्यांचा आलेख दिसतो. माझ्या गटातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने तिचा आलेख मला अभिमानाने दाखवला. ठोके मिनिटाला ४६, शेजारी 'उत्तम' अशी पट्टी. धावपटूंचे ठोके कमी असतात हे खरं. पण खाण्याच्या विकारात शरीर जेव्हा स्वतःचं इंधन वाचवायला लागतं, तेव्हाही ठोके असेच उतरतात. दिवसा, जागेपणी ५० च्या खाली गेलेले ठोके हे अशा किशोरवयीन रुग्णाला इस्पितळात दाखल करायचं एक कारण मानलं जातं. तिची पाळी बरेच महिने आलीच नव्हती. पायाच्या नडगीत सतत दुखत होतं. ते तिने मला सांगितलं, अ‍ॅपला सांगायची सोयच नव्हती.

डॉक्टरांकडे गेल्यावर जे कळलं ते प्रत्येक पालकाने ऐकावं असं आहे. तिचं वजन घटलंच नव्हतं. वर्षभर ते जिथल्या तिथे होतं आणि उंची वाढत होती. डॉक्टरांनी वाढीचा तक्ता काढला, जुन्या नोंदींचे ठिपके जोडले, आणि रेषा आपली पट्टी सोडून खाली उतरलेली स्पष्ट दिसली. मुलांच्या बाबतीत वजन न वाढणं हे वजन घटण्यासारखंच असतं. अ‍ॅपने मात्र वजन टिकवल्याबद्दल तिचं अभिनंदन केलं होतं. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. खर्चाच्या मानाने पोटात कमी गेलं की हाडं, पाळी, हृदय, मन सगळ्यांवर परिणाम होतो. खेळाडूंमधल्या या अवस्थेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये 'रेड-एस' हे नाव दिलं आणि ती फक्त मुलींमध्ये नाही, मुलग्यांमध्येही होते हे स्पष्ट केलं. हाडांचा बहुतेक साठा विशीच्या आत भरतो. ही वर्षं गेली की ती भरपाई पुरती होत नाही.

अ‍ॅपमुळेच तिला आजार झाला असं मी म्हणणार नाही. खाण्याच्या विकारामागे स्वभाव, अनुवंश, घरातली-बाहेरची बोलणी असं बरंच काही असतं. पण डाएटिंग हा धोका वाढवणारा मोठा घटक आहे. ऑस्ट्रेलियातल्या किशोरवयीन मुलींचा काही वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कडक डाएट करणाऱ्या मुलींना खाण्याचा विकार होण्याची शक्यता डाएट न करणाऱ्यांच्या १८ पट निघाली. एवढं माहीत असताना पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात कडक डाएटचं यंत्र फुकट देणं मला मान्य नाही.

चांगलं काय? पदार्थांची यादी मोठी आहे, शोध पटकन लागतो, पाकिटावरच्या रेघा फोनने वाचता येतात. लोह आणि कॅल्शियम किती गेलं ते दिसतं, पण त्या पानापर्यंत पोचायला चार वेळा बोट लावावं लागतं. एक तारा त्याचा.

कंपनीला मी सविस्तर लिहिलं. अठरा वर्षांखालील व्यक्तीने वापरू नये असं अटींमध्ये नमूद आहे, एवढंच उत्तर आलं. माझ्या मागण्या साध्या आहेत. वय बदलून लगेच पुन्हा प्रयत्न केला तर खातं उघडू नये. फार कमी नोंद सलग दिसली तर हिरवा गोल न दाखवता डॉक्टरांशी बोला असं सांगावं. ठोके ५० च्या खाली गेले तर 'उत्तम' लिहू नये.

तुमच्या घरी हे अ‍ॅप कोणाच्या फोनवर सापडलं तर फोन हिसकावून घेऊ नका. आकडे तोवर पाठ झालेले असतात, मोजणी डोक्यात चालूच राहते आणि मूल तुमच्याशी बोलायचं थांबतं. आधी शांतपणे बघा: जेवण टाळायला कारणं सांगतं का, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जातं का, चक्कर येते का, पाळी चुकलीय का. यातलं काही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि वाढीचा तक्ता काढायला सांगा. वजन ठीक दिसतंय म्हणून थांबू नका, अंगाने भरलेलं मूलही कुपोषित असू शकतं. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याच दिवशी न्या, कारण पोटॅशियम उतरलं की हृदयाची लय बिघडते. आणि बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला धास्तीपोटी एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं, कितीपासून सुरुवात करायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

अ‍ॅप काढून टाकलं तरी खातं चालू राहतं आणि 'तुमची नोंद राहिली' असे मेल येत राहतात. सेटिंगमध्ये अगदी तळाशी खातं कायमचं बंद करायचा पर्याय आहे. तो मुलाच्या संमतीने, त्याच्यासोबत बसून वापरा, आणि घड्याळाची जोडणी वेगळी तोडा. ती आपोआप तुटत नाही.