बेडरूमच्या टीव्हीला कंठ फुटला

आमच्या बेडरूममधल्या ३२ इंची टीव्हीच्या चित्राबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. आवाज मात्र पहिल्या दिवसापासून बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा. हे साडेदहाला झोपतात, मी बाराला. मधला दीड तास माझा अंगठा रिमोटवरच. पडद्यावर दोघं कुजबुजायला लागले की आवाज २२ वर, संगीत सुरू झालं की घाईघाईने ९ वर. एकदा अंगठा चुकला आणि अख्खा गोळीबार २२ वर झाला. हे ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "कोण आलंय?" त्याच आठवड्यात मी या कामाला लागले.

आधी टीव्ही पालथा करून पाहिला. खालच्या कडेला जाळीच्या दोन बारीक पट्ट्या, म्हणजे स्पीकरचं तोंड जमिनीकडे. जुन्या डबा टीव्हीत निदान समोर तोंड करून बोलायची रीत होती. ही चपटी मंडळी ड्रेसरच्या फळीशीच बोलत बसतात. खात्री करायची असेल तर टीव्ही चालू ठेवून तळहात त्या जाळीखाली तिरका धरा, आवाज तुमच्याकडे वळेल असा. माझ्या टीव्हीवर शब्द लगेच सुटे झाले. स, श, त, क या व्यंजनांची धार साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते, आणि हे वरच्या पट्टीचे आवाज सरळ रेषेत जातात. ते फळीवर आपटून विखुरतात, आपल्यापर्यंत पोचतो तो नुसता आ-ऊचा गोळा. मग आपण आवाज वाढवतो आणि गोळा मोठा होतो.

फुकटचे उपाय आधी केले. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'सिनेमा' होतं, ते काढून 'क्लिअर व्हॉइस' केलं. सराउंड बंद, बास दोन घरं खाली, आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय चालू. फरक पडला. ज्यांना एवढ्यावर भागेल त्यांनी पुढे वाचायची गरज नाही, खरंच.

मग कपाटातले कॉम्प्युटरचे जुने स्पीकर काढले आणि हेडफोनच्या भोकात खोचले. खरं सांगते, निम्म्याहून जास्त काम तिथेच झालं. स्पीकर माझ्याकडे तोंड करून होते, बस्स. पण रात्री सगळं शांत झालं की त्यांची घूं... ऐकू यायची. दिवसा कळतही नाही, रात्री मात्र डास शिरल्यासारखं वाटतं. शिवाय दोन डबे आणि चार वायरी ड्रेसरवर, आणि पुसायचं मी.

ब्लूटूथ स्पीकरही करून पाहिला. गाण्यांना उत्तम, माणसांना नाही. ओठ आधी हलतात, शब्द मागाहून येतात. आवाज चित्राच्या सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की डोळ्याला खुपायला लागतो, आणि साधं ब्लूटूथ याहून जास्त वेळ सहज खातं. काही टीव्हींमध्ये हा फरक जुळवायची सोय असते, आमच्यात नाही.

शेवटी साउंडबार घेतला, म्हणजे टीव्हीपुढे ठेवायचा लांबट स्पीकर. लहान, दोन चॅनलचा (डावा आणि उजवा), हातभर लांबीचा, वेगळा सबवूफर, म्हणजे खालच्या दणक्याचा डबा, नसलेला. टीव्हीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात बसला. नाव मुद्दाम लिहीत नाही, याच अंगाचे बार निरनिराळ्या नावांनी मिळतात. सबवूफर नको हे मी आधीच ठरवलं होतं. भिंतीतून आणि पलंगातून जातो तो नेमका खालचा दणका, आणि पलंगावर दुसरं माणूस झोपलंय. खोक्यावरच्या वॉटच्या आकड्यालाही भुलू नका. वॉट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. रात्री नऊ फुटांवरून ऐकायला एक वॉटसुद्धा सगळा लागत नाही.

जोडणीचा किस्सा सांगायलाच हवा. बारसोबत ऑप्टिकल केबल होती, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी, ती लावली. आवाज नाही. टीव्ही बंद-चालू केला, केबलची टोकं उलटसुलट केली, अर्धा तास गेला. मग चष्मा लावून पाहिलं तर केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपणं तशीच! ती काढल्यावर आत लाल ठिपका दिसला. तरी आवाज नाहीच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम', म्हणजे साध्या रूपातला, केला, तेव्हा कुठे बार बोलला. टीव्ही डॉल्बीच्या सांकेतिक रूपात आवाज पाठवत होता आणि या बारला तेवढं शिक्षण नाही.

आणि बोलला तो काय! बातम्या देणारी बाई शेजारी बसून वाचतेय असं वाटलं. संवाद स्वच्छ, कुजबूजही कळते, आणि बारचा 'नाइट मोड' लावला की स्फोट आणि कुजबूज यांतली दरी बरीच बुजते. बास नावापुरता आहे. गाणी ऐकण्यासाठी घेणार असाल तर हा घेऊ नका, भातुकलीतला तबला वाटेल.

खोड्याही आहेत. एक, बार टीव्हीपुढे ठेवला आणि टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला. सेन्सर खालच्या कडेला होता, बारने तोच झाकला. टीव्हीच्या पायांखाली दोन लाकडी ठोकळे सरकवले. दुसरी खोडी त्या निळ्या दिव्याची. अंधारात थेट डोळ्यांत यायचा, काळ्या चिकटपट्टीचे दोन थर लावल्यावर वठणीवर आला. तिसरी खरी डोकेदुखी. टीव्ही थांबवून मी फोनवर बोलत बसले की पंधराएक मिनिटांनी बार आपला आपण झोपी जाई, आणि ऑप्टिकलवरून काही केल्या उठत नसे. दोन रिमोट घेऊन अंधारात चाचपडायचं.

यावर उपाय टीव्हीच्या पाठीमागेच होता. एचडीएमआयच्या दोन भोकांपैकी एकाशेजारी बारीक अक्षरांत एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय, आणि तिथे इतके दिवस सेट-टॉप बॉक्स बसला होता. त्याला शेजारच्या भोकात हलवलं, बार एआरसीला जोडला आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांचे हुकूम ऐकायची सोय, चालू केली. आता टीव्हीबरोबर बार उठतो, त्याच्याबरोबर झोपतो, आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटवर कमी-जास्त होतो. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर त्या लाल ठिपक्याचं दर्शन टळलं असतं. तुमच्या टीव्हीला एआरसी आहे का, हे बार घ्यायच्या आधी पाठीमागे टॉर्च मारून बघा.

बारखाली रबरी चकत्या लावायला विसरू नका, नाहीतर ड्रेसरचे खण कुरकुरतात. आमच्याकडे वरच्या खणातल्या बांगड्या वाजायच्या आणि मी दोन रात्री त्याला बारचाच दोष समजत होते.

परवा रात्री हे कूस बदलून म्हणाले, "टीव्ही बंद कर आता." मी म्हटलं, "आवाज येतोय का?" तर म्हणे, "आवाज नाही गं, उजेड येतोय."