सामाईक प्लेलिस्ट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाणी ऐकण्याच्या बहुतेक ॲपमध्ये आता सामाईक प्लेलिस्टची सोय असते. एकाने यादी तयार करायची, इतरांना लिंक पाठवायची आणि ज्याला जे ऐकवावेसे वाटेल ते त्याने त्यात घालायचे. आम्ही आठ-दहा श्रोते गेले काही महिने अशी यादी नेमाने चालवत आहोत. आमच्यात कोणी ख्यालगायनात मुरलेले आहे, कोणी जॅझ ऐकणारे आहे, कोणाला जुन्या ध्वनिमुद्रिकांचा नाद आहे, तर एकाला पश्चिम आफ्रिकेतील संगीताची विशेष ओढ आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की ही सोय फार मोलाची आहे, मात्र तिचा खरा लाभ गाण्यासोबत कोणीतरी लिहिलेल्या दोन-चार ओळींमुळे मिळतो.

एक उदाहरण देतो. यादीत एके दिवशी ‘कोरा’ या पश्चिम आफ्रिकी तंतुवाद्याचे एकलवादन आले. नुसते कानावर पडले असते, तर छान वाजते आहे एवढे म्हणून मी पुढे गेलो असतो. पण ते देणाऱ्याने सोबत लिहिले होते की हे २१ तारांचे वाद्य अर्ध्या भोपळ्यावर कातडे ताणून बनवतात, ते दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या एवढ्यांनीच वाजवतात, आणि अंगठ्यांनी खर्जाकडचा एक आकृतिबंध सतत फिरत ठेवून तर्जन्यांनी वरचे विस्तार करतात. तेव्हा पहिल्यांदा फक्त खालचे सूर ऐका, दुसऱ्यांदा वरचे, असेही त्याने सुचवले होते. त्याप्रमाणे ऐकल्यावर दोन वादक बसले असावेत असे वाटणारे ते वादन एकाच माणसाचे आहे हे कानाला उलगडत गेले. फिरत्या आवर्तनावर विस्तार ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या कानाला हे संगीत परके वाटत नाही, हेही त्याच वेळी लक्षात आले. त्यानंतर मी पश्चिम आफ्रिकेतल्या माली या देशातील वादकांची ध्वनिमुद्रणे स्वतःहून शोधू लागलो.

ॲपकडून येणाऱ्या शिफारशींना मी कमी लेखत नाही. स्पॉटिफाय या ॲपची ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी २०१५ पासून दर सोमवारी ३० गाणी सुचवत आली आहे, आणि २०२१ मध्ये आलेल्या ‘ब्लेंड’मुळे दोघांच्या आवडीची मिसळलेली यादी आपोआप तयार होते. अशा शिफारशींमागचे एक मुख्य सूत्र असे असते की ज्यांच्या ऐकण्याच्या नोंदी आपल्याशी जुळतात, ते आणखी काय ऐकतात हे पाहायचे. आवडीच्या आसपासचे संगीत त्यातून उत्तम मिळते. परंतु ज्या ध्वनिमुद्रणाला मुळात श्रोतेच थोडे आहेत, ते या वाटेने आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. शिवाय एखादी गोष्ट का ऐकावी आणि नेमकी कुठे कान द्यावा, हे सांगायला जाणकार श्रोताच लागतो.

म्हणून आम्ही दोन नियम ठरवले आणि ते टिकले. प्रत्येकाने आठवड्याला एकच गाणे द्यायचे, आणि सोबत दोन ओळी लिहायच्याच. सुरुवातीला मर्यादा नव्हती, तेव्हा यादी इतकी फुगली की कोणाचेच गाणे धड ऐकले जाईना. एकच गाणे द्यायचे म्हटल्यावर निवड विचारपूर्वक होऊ लागली, आणि ऐकणाऱ्यांकडून प्रतिसादही येऊ लागला. तो नेहमी पसंतीचा असतो असे नाही, पण मनापासून ऐकून दिलेली नापसंतीसुद्धा मला मोलाची वाटते.

जुन्या ध्वनिमुद्रिकांनी तर आमच्याकडे स्वतंत्र चर्चा घडवली. ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे गायकाला राग तेवढ्यात उभा करावा लागे. एकदा एकाच तबकडीच्या दोन प्रती यादीत आल्या आणि दोन्हींची पट्टी, म्हणजे आधारसुराची उंची, वेगळी निघाली. तबकड्यांचा मूळ वेग नेहमी काटेकोर ७८ नसे. ७४ वेगाची तबकडी ७८ ने फिरवली, तर पांढरी एकमधले गाणे जवळजवळ काळी एकमध्ये, म्हणजे अर्ध्या सुराने वर, ऐकू येते आणि आवाजही अकारण कोवळा वाटतो. आमच्यातील एका संवादिनीवादकाने (हार्मोनियम वाजवणाऱ्याने) दोन्ही प्रती वाद्यावर ताडून पाहिल्या आणि खालच्या पट्टीतली प्रत यादीत ठेवायला सांगितली. मी एकटा ऐकत असतो, तर हा फरक माझ्या ध्यानातही आला नसता.

उणिवा आहेत, आणि त्या कोणत्याही एका ॲपपुरत्या नाहीत. चाळीस मिनिटांचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल आणि तीन मिनिटांचे चित्रपटगीत एका यादीत नीट नांदत नाहीत. शफल (गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय) सुरू राहिले तर मुद्दाम लावलेला क्रमही मोडतो. शास्त्रीय संगीतात अनेकदा फक्त मुख्य कलाकाराचे नाव दिसते, तबला-संवादिनीच्या साथीदारांचा पत्ता नसतो, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. अशा वेळी श्रोत्यांनीच उभारलेल्या ‘डिस्कॉग्ज’ आणि ‘म्युझिकब्रेन्झ’ या नोंदसंग्रहांचा फार उपयोग होतो. हक्कांचे करार संपले की गाणे यादीतून नाहीसे होऊ शकते, आणि एका ॲपची लिंक दुसरे ॲप वापरणाऱ्याच्या कामाची नसते.

यावर उपाय म्हणून आम्ही यादीला जोडून एक साधा तक्ता ठेवतो. त्यात कलाकार, साथीदार, ध्वनिमुद्रणाचे वर्ष माहीत असल्यास ते, गाणे देणाऱ्याच्या दोन ओळी आणि कोणत्या मिनिटाकडे लक्ष द्यावे ते लिहिलेले असते. गाणे यादीतून गेले तरी नोंद राहते, आणि तिच्या आधारे ते दुसरीकडे शोधता येते. अशी यादी सुरू करू पाहणाऱ्यांनी मंडळी मोजकीच पण वेगवेगळ्या आवडीची घ्यावीत, आणि हा तक्ता पहिल्या गाण्यापासूनच भरायला घ्यावा.