योगा मॅट: सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात कोणती निभते

योगा मॅट घेताना आपण जाडी, रंग आणि किंमत बघतो. ती धुवायची कशी आणि वाळवायची कुठं, हा प्रश्न महिन्याभरानं येतो, तेव्हा पायाखाली मॅट चिकट लागत असते किंवा घसरत असते. सोलापुरात हा प्रश्न दुकानातच सोडवलेला बरा. उजनीचं नळाचं पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी वापरावं लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मॅट लवकर खराब होते ती बहुतेक वेळा आसनांनी नाही, या पाण्यानं आणि उन्हानं.

मॅटवर साचतात तीन गोष्टी: घामातलं मीठ, अंगाचं तेल आणि धूळ. मीठ नुसत्या ओल्या फडक्यानं निघतं, तेल निघत नाही. तेलावर काळ्या मातीची बारीक धूळ बसली की तळहातांच्या आणि टाचांच्या जागी काळपट चकचकीत डाग दिसू लागतात, आणि पाय आधी तिथंच सरकतो. म्हणजे रोजच्या पुसण्याला पाणी पुरतं, पण आठवड्यातून एकदा साबण लागतोच. हा साबण आणि पाणी कोणत्या मॅटला किती सोसतं, यावर निवड ठरते.

पीव्हीसी की टीपीई

बाजारात सर्वांत जास्त दिसतात त्या पीव्हीसीच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या. घट्ट, थोड्या जड, आत पाणी न शोषणाऱ्या. धुवायला सगळ्यांत सोप्या: साबणाचं पाणी, ओलं फडकं, तास-दोन तासांत कोरड्या. नवीन असताना वरच्या गुळगुळीत थरामुळे घसरतात. दोन-तीन वेळा भांड्यांच्या लिक्विडनं पुसल्या की बऱ्याच सुधारतात. जाड, घट्ट पीव्हीसी असेल तर जाडं मीठ पसरून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी ओल्या ब्रशनं घासून काढायचं. पीव्हीसी मऊ राहावी म्हणून तिच्यात मिसळलेलं द्रव्य उन्हात आणि स्पिरिटनं हळूहळू निघून जातं. मग मॅट कडक होते, कडा चिरतात.

टीपीई, म्हणजे रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक, हलकी. 6 मिलीमीटरची मॅट साधारण किलोभराची असते, वासही कमी. तीही पाणी शोषत नाही, त्यामुळे पुसणं पीव्हीसीइतकंच सोपं. पण अंगानं नाजूक: पायाचं वाढलेलं नख लागलं की खाच पडते, कडक ब्रशनं वरचा पोत झिजतो, आणि तापलेल्या गच्चीवर किंवा बंद गाडीत राहिली की वाकडी होते ती पुन्हा सपाट होत नाही. घरात मांजर असेल किंवा मॅट रोज गाडीच्या डिकीत फिरणार असेल, तर पीव्हीसी घ्या. खांद्याला अडकवून चालत जायचं असेल, तर टीपीई.

स्वस्तात मिळणारी 10 मिलीमीटरची फुगीर मॅट, दुकानदार जिला ईव्हीए किंवा एनबीआर म्हणतात, ती झोपून करायच्या व्यायामाला ठीक. उभ्या आसनांत पाऊल रुततं आणि तोल जातो. घासली की तिचे बारीक तुकडे निघतात, म्हणून तिला फक्त पुसायचं.

रबर: पकड उत्तम, निगा कडक

नैसर्गिक रबराची पकड बाकीच्यांना येत नाही. घामेजल्या हातानं अधोमुख श्वानासन धरून बघा, फरक लगेच कळतो. पण तिला चार गोष्टी चालत नाहीत. ऊन: अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ओझोननं रबराला बारीक तडे जातात, मग भुगा सुटतो. तेल: खोबरेल, बदामाचं किंवा मॅट क्लीनर म्हणून विकलं जाणारं टी ट्री तेल, कोणतंही तेल रबर फुगवतं आणि सैल करतं. स्पिरिट आणि तीव्र व्हिनेगर: पृष्ठभाग कोरडा पडतो. आणि भिजवणं: सच्छिद्र रबर स्पंजासारखं पाणी ओढतं, जड होतं, आणि ओलं असताना एका टोकाला धरून उचललं की ताणतं किंवा फाटतं.

आपली मॅट सच्छिद्र आहे का, हे कोपऱ्यावर पाण्याचे चार थेंब टाकून कळतं. पाच मिनिटांनी थेंब तसेच उभे असतील तर ती पाणी पीत नाही. थेंब गायब होऊन डाग उरला तर पिते, म्हणजे ओतायचं पाणी बंद, फक्त घट्ट पिळलेलं फडकं.

नव्या रबराचा वास सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर उलगडून ठेवल्यावर कमी होतो. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही मॅट घेऊच नये. रबरावर पीयूचा (पॉलियुरेथेनचा) मऊ थर असलेल्या मॅटीही मिळतात. पकड झकास, पण तो थर तेल आणि रंग दोन्ही पितो. हळद लागलेल्या हाताचा ठसा त्यावरून जात नाही.

कॉर्कच्या, म्हणजे बुचाच्या सालीच्या मॅटीचं थोडक्यात: ओली झाली की पकड वाढते, रोज पुसणं पुरतं, पण इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कॉर्क आत ठेवून घट्ट गुंडाळली तर तडकते. कॉर्कची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायची.

सतरंजी, चादर आणि टॉवेल

या शहरात कापडाचा पर्याय बाजूला ठेवून चालणार नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि दोन्ही योगासनांच्या कामाचे आहेत. मात्र प्रत्येकाचं काम वेगळं.

जाड सुती सतरंजी मशीनमध्ये टाकता येते, कडक उन्हात वाळवता येते, गरम पाणी सोसते. इतकं धुणं कोणत्याच रबरी किंवा प्लॅस्टिकच्या मॅटला झेपत नाही. अडचण घसरण्याची. शहाबादी फरशीवर थोडी तरी पकड मिळते, गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सतरंजी माणसासकट सरकते. गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी अंथरली की हे बरंचसं थांबतं. प्राणायाम, ध्यान, बसून करायची आसनं आणि शवासन एवढंच करायचं असेल, तर सतरंजीसारखं सोपं काही नाही. सूर्यनमस्कार किंवा उभी आसनं करायची असतील तर एकटी सतरंजी पुरत नाही.

चादर अंथरायला नको. ती घडी करून गुडघ्याखाली, मानेखाली किंवा बसताना कुल्ल्यांखाली घ्यावी, चार-सहा पदरी केली की चांगला आधार देते. नवी गडद रंगाची असेल तर फिकट मॅटवर ठेवण्याआधी दोन वेळा थंड पाण्यात वेगळी धुवा, नाहीतर घामानं रंग उतरतो.

टेरी टॉवेलचा उपयोग सर्वांत मोठा. मॅटवर लांब टॉवेल अंथरून आसनं केली की घाम आणि तेल टॉवेलात राहतं, मॅटीपर्यंत जातच नाही. टॉवेल रोजच्या कपड्यांत धुतला जातो. हाताच्या आणि पायाच्या जागी टॉवेलावर पाण्याचे हलके शिंतोडे मारले की तो सरकत नाही. सकाळी अंगाला तेल लावून मग आसनं करायची सवय असेल, तर टॉवेलाशिवाय कोणतीही मॅट सहा महिन्यांत चिकट होणार. टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. त्याच्या थरानं टॉवेल कमी पाणी शोषतो आणि निसरडा होतो.

निवड कुणासाठी कोणती

बोअरच्या पाण्यावरचं घर, वेळ कमी, घरात दोघं-तिघं एकच मॅट वापरणार: 4 ते 5 मिलीमीटरची पीव्हीसी आणि प्रत्येकाचा वेगळा टॉवेल. आमच्या मते बहुतेक सोलापूरकरांना हीच जोडी सोयीची. रोज तासभर उभ्या आसनांचा सराव, हात घामेजतात, घरात सावलीची हवेशीर जागा आहे आणि रोज पुसायची तयारी आहे: रबर. ती अनेक पटींनी महाग असते, दुर्लक्ष सोसत नाही, पण नीट ठेवली तर पैसे वसूल करते. वयस्कर माणूस, बैठकीची आसनं, त्वचा नाजूक: जाळीसह सतरंजी.

उंचीकडेही बघा. प्रमाण मॅट 183 बाय 61 सेंटिमीटरची असते. सहा फुटांच्या माणसाचं डोकं किंवा टाच शवासनात बाहेर जाते आणि केसांचं तेल फरशीवरून फिरून मॅटीवर येतं.

कोणतं पाणी, कोणता साबण

इथं सर्वाधिक चुका होतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाच्या वडीशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा पांढरट चोथा तयार होतो, तोच बादलीच्या कडेला दिसतो. मॅटीच्या पोतात तो बसला की वाळल्यावर निसरडा लागतो. मग अजून साबण लावला जातो आणि प्रकरण वाढतं. भांड्यांचं लिक्विड जड पाण्यातही असा चोथा करत नाही, म्हणून मॅटीला वडी नको, लिक्विड हवं. तेही थोडंच: आठवड्याच्या पुसण्याला पाव लिटर पाण्यात दोन थेंब, पूर्ण धुण्याला अर्ध्या बादलीत एक चमचा.

चोथा आधीच बसला असेल तर एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी, फडक्यानं लावून पाच मिनिटं थांबा, मग साध्या पाण्यानं दोनदा पुसा. हे पीव्हीसी आणि टीपीईसाठी. रबराला नाही.

शेवटचा हात कोणत्या पाण्यानं फिरवता, तेही महत्त्वाचं. नळाचं किंवा प्यायचं पाणी चांगलं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी हवेतल्या बाष्पाचं, म्हणजे जवळजवळ क्षारविरहित असतं. स्वच्छ बादलीत धरलेलं असेल तर पुसायला उत्तम. आरओचं टाकाऊ पाणी मात्र मॅटीला कधीच नको, त्यात क्षार आधीच वाढलेले असतात. कूलरच्या टाकीतल्या पाण्याचं तेच: रोज बाष्प उडून मागं क्षार उरतात, शिवाय ते साचलेलं असतं.

रिठा चालतो. पाच-सहा रिठे लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळून दुहेरी फडक्यातून गाळा. गाळ राहिला तर मॅट चिकट होते, आणि फिकट रंगावर पिवळट छटा येऊ शकते, म्हणून आधी कोपऱ्यावर लावून बघा. हे पाणी दोन दिवसांत वापरून संपवावं. सॅनिटायझर आणि स्पिरिट कोणत्याच मॅटीला रोज नको.

धुणं

पीव्हीसी आणि टीपीई महिन्यातून एकदा पूर्ण धुवावी. न्हाणीघरात किंवा सावलीतल्या फरशीवर सपाट अंथरा, मऊ स्पंजानं दोन्ही बाजू हलक्या हातानं गोल गोल घासा. मग भिंतीला तिरकी टेकवून वरून तांब्यानं पाणी सोडा, म्हणजे दहा-बारा लिटरमध्ये काम होतं. नळाखाली धरली तर तिप्पट पाणी जातं. ओल्या तळव्यानं चोळून बघा, फेस आला तर पुन्हा विसळा. वाहिलेलं पाणी बादलीत धरलं तर संडासाला उपयोगी पडतं.

वॉशिंग मशीनमध्ये सतरंजी आणि टॉवेल सोडून काहीही घालू नका. मशीनच्या पिळण्यात रबर फाटतं, पीव्हीसीला कायमच्या घड्या पडतात.

वाळवणं

ओल्या मॅटीवर कोरडा टेरी टॉवेल अंथरा, दोन्ही मिळून गुंडाळा आणि त्या वळकटीवर पाय देत पुढं जा. निम्मं पाणी टॉवेलात येतं. मग मॅट जाड पाइपवर किंवा गॅलरीच्या रुंद कठड्यावर टाका. बारीक तारेवर टाकली तर मधोमध कायमचा वळ पडतो, चिमटे लावले तर खळगे.

उन्हाळ्यात पंख्याखाली दोन-तीन तास पुरतात, ऊन लागतच नाही. गच्चीवर दुपारी टाकलेली टीपीई किंवा रबर एका दिवसात बिघडू शकते. पावसाळ्यात मात्र उलट: हवा दमट, सच्छिद्र रबर वाळायला दोन दिवस घेतं, आणि अर्धवट ओली गुंडाळली की कुबट वास धरते. पावसाची झड असताना धुणं टाळा, फक्त पुसा.

गुंडाळण्यात एक गोष्ट लक्षात घेतली जात नाही. मॅट कोणतीही बाजू आत ठेवून गुंडाळा, प्रत्येक फेऱ्यात खालची बाजू वरच्या बाजूला टेकतेच. फरशीची धूळ अशी हातापर्यंत येते. पातळ मॅट आधी वरच्या बाजूला वरची बाजू टेकवून मधोमध दुमडा, मग गुंडाळा. जाड मॅटीला दुमड सोसत नाही, तिची खालची बाजूही वरच्याइतकीच पुसावी.

नायटा किंवा चिखल्या असतील तर

घरात कुणाला नायटा झाला असेल किंवा बोटांमध्ये चिखल्या असतील, तर बरं होईपर्यंत त्या माणसाची मॅट वेगळी, आणि उपचार डॉक्टरांकडून. या काळात सतरंजी सर्वांत सुरक्षित, कारण ती 60 अंशांच्या पाण्यात धुता येते. पीव्हीसी किंवा टीपीई असेल तर साबणानं धुऊन पूर्ण वाळवा आणि वर रोज धुतलेला टॉवेल घ्या. सच्छिद्र रबराच्या आतपर्यंत साबण नीट पोचत नाही आणि गरम पाणी तिला चालत नाही, म्हणून तोवर ती बाजूला ठेवा.

मॅट बदलायची वेळ ओळखणं सोपं आहे. हाताखाली भुगा निघतो, दाबलेला खळगा परत भरत नाही, किंवा धुऊन वाळवल्यावरही टाचेची जागा घसरते, तेव्हा ती आसनांसाठी संपली. पीव्हीसी असेल तर कापून मिक्सरखाली किंवा शिलाई मशीनच्या पायट्याखाली टाका, आवाज आणि सरकणं दोन्ही कमी होतं. भुगा सुटणारं रबर मात्र स्वयंपाकघरात नको.