फुले संगम आणि एमएयूएस १५८: सोयाबीनची दोन्ही वाणं पेरून पाहिल्यावरचा अनुभव

आमच्या लातूरकडे अजूनही बरेच जण सोयाबीनचं जेएस ३३५ च पेरतात. १९९४ चं वाण. त्याचे उपकार आहेतच, पण पानं पिवळी पाडणारा पिवळा मोझॅक रोग आला की ते तग धरत नाही. म्हणून काही हंगामांपासून मी खालच्या काळ्या रानात फुले संगम (केडीएस ७२६) आणि वरच्या हलक्या रानात परभणी कृषी विद्यापीठाचं एमएयूएस १५८ घेतोय.

संगम सांगलीजवळच्या कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्राचं. तांबेरा रोगाला चांगलं टिकतं, दाणा टपोरा, झाड भरदार. भारी जमिनीत एकरी अकरा क्विंटलपर्यंत उतारा मिळाला. पण त्याला १०० ते १०५ दिवस लागतात आणि खरी मेख तिथेच आहे. दाणा भरताना पावसाचा खंड पडला आणि विहिरीत पाणी नसलं, तर शेंगा चपट्या राहतात. शेजारच्या मुरमाड रानात हेच झालं, आणि दोष वाणाला लागला. शिवाय हे वाण फोफावतं. दोन ओळींत अठरा इंच अंतर ठेवाच, नाहीतर दाटी होऊन पीक लोळतं आणि फवारा आतपर्यंत पोचत नाही.

१५८ चा उतारा इतका डोळ्यात भरणारा नाही. हलक्या रानात सात-आठ क्विंटल. पण वर्षागणिक तो फारसा हलत नाही, आणि मला हेच जास्त मोलाचं वाटतं. ९३ ते ९८ दिवसांत पीक तयार होतं. पक्व झाल्यावर दहा-बारा दिवस शेंगा तडकत नाहीत. काढणीच्या वेळी सगळ्या गावाला एकदमच मजूर लागतात, तेव्हा या चार दिवसांच्या सवडीची किंमत कळते. रान लवकर मोकळं झाल्यानं हरभऱ्याला ओलही सापडते.

कोरडवाहू, मध्यम-हलकं रान असेल तर मी डोळे झाकून १५८ सांगेन. संगम फक्त खोल काळ्या जमिनीत, तेही पावसाच्या खंडात एखादं संरक्षित पाणी देता येत असेल तरच. दोन्ही सरळ वाणं आहेत, संकरित नाहीत, त्यामुळे बियाणं घरचं ठेवता येतं. त्यासाठी मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवा, पोत्यांची थप्पी उंच लावू नका, कारण सोयाबीनचं साल फार नाजूक असतं. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं, कमी उगवले तर त्या मानाने वाढवा.